इंग्रजी वाक्य आणि मराठी वळण

१९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि द्राक्षबागांच्या या परिसरात इंग्रजी ही केवळ परीक्षेची भाषा उरली नाही. येथील तरुणाला अर्ज, अहवाल आणि प्रसंगी खुलासाही इंग्रजीत लिहावा लागतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना प्रस्तुत लेखकाला हेच दिसते की, शब्द पुष्कळ आहेत, स्पेलिंगही बरे आहे. वाक्य कोठे संपते, हे मात्र ठाऊक नाही.

हा दोष आळसाचा नव्हे, मराठीच्या वळणाचा आहे. आपले क्रियापद बहुधा शेवटी येते. ते आले की वाक्य संपल्याचे कानाला कळते. मोडीत शब्दही न तोडता पेशवाईचा कारभार चालला. विरामचिन्हे इंग्रजी अमलात आली व मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने रुजली. मराठीत ती वाचकाची सोय आहेत. इंग्रजीत ती रचनेचा भाग ठरतात.

‘यंत्र बंद पडले, आम्ही फिटरला बोलावले’ हे मराठीत निर्दोष आहे. ‘द मशीन स्टॉप्ड, वी कॉल्ड द फिटर’ हे मात्र चूक, कारण तेथे दोन वाक्ये जोडण्याचे बळ एकट्या स्वल्पविरामात नाही. पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘अँड’, ‘सो’ यांसारखे अव्यय हवे. उलट, ‘कारण’ने आपण खुशाल नवे वाक्य सुरू करतो, ‘बिकॉज’ने आरंभलेले वाक्य मुख्य वाक्याविना अधांतरी लोंबकळते.

सर्वांत घातक आपला ‘की’. ‘साहेब म्हणाले की मी जबाबदार आहे’ या वाक्यातील ‘मी’ म्हणजे साहेब, हे मराठीत संदर्भाने कळते. तेच ‘ही सेड दॅट आय वॉज रिस्पॉन्सिबल’ असे उतरले की जबाबदार ठरतो लिहिणारा. खात्याच्या चौकशीत असा खुलासा देणारा कारकून स्वहस्ते कबुलीजबाबच देतो!

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात, जादा कामाचा मोबदला न देण्याच्या कामांच्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता. अर्थ संदिग्ध म्हणून २०१७ साली न्यायालयाने दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढल्या वर्षी पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली.

विमानउद्योगाने यावर स्वतःचा उपाय काढला आहे. देखभालीच्या पुस्तिकांसाठी केलेल्या ‘सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश’च्या नियमांनुसार, कृती सांगणाऱ्या वाक्यात वीसहून अधिक शब्द नकोत आणि एका वाक्यात शक्यतो एकच सूचना हवी. विमान दुरुस्त करणाऱ्याला जे पुरते, ते अर्ज लिहिणाऱ्याला का पुरू नये?

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर शिकलेली पिढी मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी लिहीत असे. ती पद्धत जुनाट म्हणून आपण टाकली आणि तिच्याबरोबर दोन भाषांची तुलनाही टाकली. अकरावीच्या वर्गात आठवड्यातून एक तास तरी विद्यार्थ्याने आपलेच इंग्रजी वाक्य मराठीशेजारी मांडावे, प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा आणि मगच पूर्णविराम द्यावा. त्याला नवे पुस्तक लागत नाही, अनुदानही नाही.