समुद्र कोणीकडे?

क्रूझला जाऊन आलेला माणूस आणि चारधाम करून आलेला माणूस यांत एक साम्य आहे. दोघांनाही गप्प बसवता येत नाही. फरक एवढाच, की चारधामवाला निदान अधूनमधून देवाबद्दल बोलतो. क्रूझवाला समुद्राबद्दल अवाक्षर काढत नाही. तो आइस्क्रीमचे प्रकार मोजून दाखवतो, मजले किती, लिफ्टा किती हे सांगतो, रात्री एक वाजता पिझ्झा मिळाल्याचं तर इतक्या गहिवरून सांगतो, की घरी रात्री एकला त्याला कुणी पाणीसुद्धा देत नसावं. “आणि समुद्र?” असं मी एकदा आमच्या मेहुण्याला विचारलं. “होता ना,” तो म्हणाला, “खाली.”

माझा क्रूझला विरोध नाही. स्वतःच्या पैशांनी जाऊन आलो आहे. माझं भांडण आहे ते क्रूझवर जाण्यापूर्वी सल्ले देणाऱ्या मंडळींशी. कपडे कोणते न्यावेत हे सगळे सांगतात. बघायचं काय, हे कोणी सांगत नाही.

आम्ही मुंबई-गोवा गेलो ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील; वय वर्षे सत्त्याऐंशी, गाव विजयदुर्गच्या खाडीकाठचं. त्यांचं सगळं तारुण्य भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणबोटीवर गेलं. धावत जाऊन डेकवर वळकटी टाकायची, जागा धरायची, शेजारच्याला बोट लागली की त्याला लिंबू द्यायचं आणि आपण दुसरीकडे तोंड करून बसायचं. पहाटे कधीतरी खलाशी “जैतापूऽऽर!” असं ओरडायचा, की निम्मा डेक खडबडून उठायचा. बरीचशी बंदरं अशी, की बोट दूर खोल पाण्यातच उभी राहायची आणि माणसांनी बोचक्यांसकट पडावात उतरायचं. पावसाळ्यात हे सगळं बंद. पुढे रस्ते झाले, एस.टी. आली, आणि बोट कायमचीच बंद पडली.

“एकदा विजयदुर्ग समुद्रातून बघायचाय,” अण्णा म्हणाले. म्हणून मी तिकिटं काढायला गेलो. समोरच्या पोराने रंगीत पुस्तिका उघडली. मी विचारलं, “विजयदुर्गावरून बोट किती वाजता जाते?” तो म्हणाला, “सर, शो नऊ वाजता आहे.”

आता तुम्ही जाणारच असाल, तर माझे चार शब्द ऐका. जाहिरातीतला आकडा खरा मानू नका. लग्नाच्या हॉलचं भाडं जसं हॉलपुरतंच असतं, तसं हे. बंदराचं शुल्क, कर, बक्षिशी, थंड पेयं, इंटरनेट हे सगळं धरून काय होतं ते आधी लिहून घ्या. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. किनारा सुटला की तो जहाजावरचं उपग्रहाचं जाळं पकडू शकतो, आणि मग बिल बघून घरी आल्यावर बोट लागते. औषधं, चष्मा नि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत सावकाश येतात. गोव्यात मुरगावला उतरलात, तर वेळेच्या तासभर आधी परत या. जहाज एस.टी.च्या ड्रायव्हरसारखं हॉर्न वाजवत थांबत नाही.

खोलीबद्दल मात्र मी हट्टाने सांगणार. बाल्कनीची घेऊ नका! मेहुण्याने घेतली होती. दार उघडलं की ए.सी. बाहेर जातो म्हणून त्याने तीन दिवस पडदा ओढून आत टीव्ही पाहिला. तुम्ही खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची, बिनखिडकीची खोली घ्या. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला जसे झोके कमी, तशी बोट तिथे कमी लागते. शिवाय ती खोली इतकी उदास असते, की माणूस आपण होऊन डेकवर येतो. तिथे क्षितिजावर नजर ठेवून बसलं, की पोटही ताळ्यावर राहतं.

सुटण्याच्या वेळी भोंगा वाजवून सगळ्यांना गोळा करतात आणि जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते दाखवतात. आमच्या वेळी निम्मी मंडळी फोटो काढत होती. “एवढी मोठी बोट बुडते होय?” एक गृहस्थ म्हणाले. टायटॅनिकबद्दलही लोक हेच म्हणत होते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, बत्तीस माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येकांची ही कवायत व्हायचीच होती. अण्णा पहिल्या रांगेत ताठ उभे होते. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेंहून अधिक माणसं गेली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या आईने घरातल्या कुणाला बोटीवर चढू दिलं नाही.

कवायत संपल्यावर अण्णा स्वागतकक्षातल्या मुलीकडे गेले आणि त्यांनी विचारलं, “समुद्र कोणीकडे?” मुलगी गोड हसली. “सर, स्विमिंग पूल वरच्या मजल्यावर.”

मला राग आहे तो इथे. त्या जहाजावर कर्णे ठिकठिकाणी. त्यांतून तांबोला पुकारला, नाच शिकवण्याचा वर्ग पुकारला, घड्याळांवरची सवलत पुकारली. पण डाव्या हाताला अख्खं कोकण चाललं होतं, जंजिरा गेला, रत्नागिरी गेली, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. जहाज रात्रीचं आणि किनाऱ्यापासून लांबून जातं, हे मान्य. मग तर सांगायलाच हवं! दिसत नाही त्याचंच नाव पुकारावं लागतं. त्याला असा खर्च तरी किती येणार? एक माणूस आणि एक नकाशा. तांबोल्याला याहून जास्त लागतं.

मध्यरात्र उलटल्यावर अण्णा पलंगावर दिसेनात. डेकवर सापडले, माकडटोपी घालून, कठड्याजवळच्या खुर्चीत. आजूबाजूला चिटपाखरू नाही. लांब काळोखात एक ठिणगी उघडझाप करीत होती आणि अण्णा बोटांवर काहीतरी मोजत होते. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी असते, हे मला त्या रात्री कळलं.

“विजयदुर्ग,” ते म्हणाले.

“आणि किल्ला?”

“असेल तिथेच. जाणार कुठे?”

मी शेजारची खुर्ची ओढली. ठिणगी मागे जाऊन दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघे बसलो होतो. काही बोललो नाही.

उतरताना हातात एक फॉर्म दिला. जेवण, खोली, करमणूक, नोकरांची वागणूक, सगळ्यांना गुण द्यायचे. समुद्राचा रकाना नव्हता. अण्णांनी सगळ्याला चांगले गुण दिले. मग फॉर्म उलटा करून पाठीमागे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं : ‘रात्री बंदरांची नावे पुकारावीत. माणसे झोपलेली असतात.’