लाठीने मेलेल्यांचा हिशेब

तुकडोजी महाराजांना इंग्रजांनी 1942 साली तुरुंगात टाकले. त्यांच्या गुरुकुंज मोझरीवरून आम्ही अमरावतीकडचे लोक नागपूरला जातो. तिथे गोवारी शहीद स्मारक आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी विधानभवनावरच्या मोर्च्यात लाठीमार झाला, पळापळ झाली, चेंगरून 114 गोवारी मेले, त्यांत बायका-लेकरेही होती. आणि लाठी म्हणे जीव घेणारे हत्यार नव्हे!

6 जानेवारी 2013 ला धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून भांडण पेटले. पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले, सहाही मुसलमान. सहाही मुसलमानच कसे, हे आम्ही विचारत राहणार. पण तेव्हापासून एक शहाणपण ऐकतो आहोत : पोलिसांना प्लास्टिकच्या गोळ्या द्या, छर्रे द्या, मिरचीचे गोळे द्या. द्या की! मयतीपेक्षा जखमी पोरगा बरा, तो घरी तरी येतो. मात्र 2016 साली काश्मिरात याच छर्‍यांनी शेकडो डोळे जायबंदी केले. एका काडतुसात शेकडो छर्रे, सुटले की पसरतात. दगड मारणारा कोण आणि दारात उभा कोण, त्यांना काय कळणार? याने कोणी मरत नाही, असे एकदा शिकवले की बोट चापावर लवकर जाते.

म्हणून गोळीइतकाच छर्‍याचाही हिशेब हवा : हुकूम कोणी दिला, किती अंतरावरून, नेम कमरेखाली की तोंडावर.

आमच्यातले काही म्हणतात, हा आपल्याच कौमचा प्रश्न. मग 9 ऑगस्ट 2011 ला मावळात पोलिसांच्या गोळीने मेलेले तीन शेतकरी कोणत्या कौमचे? आणि ते गोवारी?