पाच डॉलरचा डोंगर

अमेरिकेतल्या वाचकांनो, सुट्टी खर्चिकच असायला हवी असं नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाला प्रवेश शुल्क नाही. १९५१मध्ये टेनेसी राज्यानं तिथला मुख्य रस्ता केंद्र सरकारला दिला तो टोल न घेण्याच्या अटीवर. किती दूरदृष्टीची अट! २०२३पासून १५ मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर दिवसाचे ५ डॉलर लागतात. ते आनंदानं द्यावेत, उद्यानाच्या देखभालीलाच जातात. पहाटे निघा, डबा घरूनच न्या. ६,६४३ फुटांवरच्या कुवोही शिखराजवळ (चेरोकींचं हे नाव २०२४मध्ये परत आलं, फार बरं झालं) गाडी जाते. शेवटचा अर्धा मैल खडा चढ आहे, आजी-आजोबांना दमानं चालू द्या. हिवाळ्यात मात्र हा शिखराचा रस्ता बंद असतो.