कमानी जपल्या, माणसं गाळली!



फोर्टमध्ये सध्या 'हेरिटेज वॉक'चं पेव फुटलंय. वस्तीतल्या पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन आम्हीही अशाच एका वॉकला गेलो. सीएसएमटीपासून दादाभाई नौरोजी रस्त्याने दोन तास गॉथिक शैली, इंग्रज वास्तुविशारद, दानशूर शेठ यांचं कौतुक ऐकलं. त्याच रस्त्यावरच्या आनंद भवनाबद्दल मात्र एक शब्द नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली उभं केलेलं सिद्धार्थ महाविद्यालय जिथे आहे, ते आनंद भवन!

हा विसराळूपणा नाही. काय 'वारसा' आणि काय नुसतं 'कॉलेज' हे ठरवणारे हात कोणाचे, हा प्रश्न आहे.

आपल्यातले काहीजण म्हणतात, "गोऱ्यांच्या नि शेठजींच्या पेढ्या त्या, पडल्या तर पडू द्या." आम्हाला हे मान्य नाही. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला. हा रस्ता तेव्हाचा हॉर्नबी रोड. १८९६ च्या नियमाने इथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींचा व्हरांडा सक्तीचा झाला. मालकाने वर काय हवं ते बांधावं, पण खाली रस्त्याने जाणाऱ्याला ऊनपावसात वाट द्यायची. इंग्रजांनी हे आपल्यासाठी केलं नाही, हे उघड आहे. तरी खासगी इमारतीच्या पोटातून कोणीही, जात न सांगता, चालत जाऊ शकतो, ही गोष्ट लहान नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव १९२३ चा, आणि तरीही १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपल्याला मार खावा लागला. सार्वजनिक जागेची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार? म्हणून त्या कमानी टिकल्याच पाहिजेत.

पण दगडाबरोबर माणसंही सांगा. कुर्ला-मालाडच्या खाणींतला दगड फोडला कोणी, वाहिला कोणी? कामाठीपुऱ्याचं नावच कामाठी मजुरांवरून पडलं. या भागातल्या पेढ्यांचा पैसा कापसाचा, गिरण्यांचा. आणि त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. वॉकमध्ये कापूस आला, धोटा आला नाही.

१९९५ पासून मुंबईत वारसा वास्तूंचे नियम आहेत. २००४ मध्ये या रस्त्याच्या जतनाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पाट्यांचा आकार, बाकं, दिवे, सगळ्याचा विचार झाला. चांगलंच झालं. आनंद भवनासमोर चार ओळींचा इतिहास लावायला मग किती खर्च येतो?

थोडं स्वतःकडेही बघू. जून २०१६ मध्ये दादरचं आंबेडकर भवन भल्या पहाटे पाडलं गेलं, तेव्हा आपण हजारोंनी रस्त्यावर उतरलो. भिंती उभ्या होत्या तेव्हा आत किती जण गेलो होतो? दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांपैकी किती जण पुढे फोर्टात आनंद भवन, बुद्ध भवन बघायला जातात? आमचाही क्रमांक त्यात बरीच वर्षं नव्हता, हे कबूल करतो.

आता आम्हीच वॉक काढतोय. सुरुवात आनंद भवनाच्या पायरीवरून, मग कमानींखालून हुतात्मा चौकापर्यंत. फी नाही. बोलणार आहेत त्याच कॉलेजात रात्री-सकाळी शिकून, दिवसा नोकरी केलेले आपले काका-मामा. कोणाच्या घरी तिथलं जुनं ओळखपत्र, फोटो, फीची पावती असेल तर घेऊन या.