समुद्रावरचा रस्ता

घाटात दरड कोसळली, तर वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवता येते. बेटावरच्या माणसाला दुसरा मार्ग नसतो. लक्षद्वीपच्या दहा बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४ हजारांवर लोक राहत होते. कोचीपासून ही बेटे सुमारे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. तांदूळ, औषधे, सिमेंट, डिझेल हे सारे बोटीने येते; खोबरे आणि सुकवलेला कुपा मासा बोटीनेच बाहेर जातो. म्हणजे वाहतुकीचा खर्च बेटवासीयाला दोनदा सोसावा लागतो: विकत घेताना तो किमतीत मिसळतो आणि विकताना हाती येणाऱ्या पैशातून वजा होतो.

बोटसेवेला सरकारी मदत द्यावी लागते, ती तिजोरीवरचा भार आहे, असे म्हणणारे कमी नाहीत. परंतु डोंगरातल्या खेड्याला नेलेल्या सडकेकडून कोणी नफ्याची अपेक्षा करत नाही. मग समुद्रावरच्या रस्त्यालाच हा हिशेब का लावावा? स्कॉटलंडने हा प्रश्न सरळपणे सोडवण्याचा प्रयत्न केला. तितकेच अंतर सडकेने मोटारीतून जाण्यास जो खर्च येईल, त्याच्याशी बोटीच्या भाड्याची सांगड घालावी, हे तत्त्व तेथे २००८ मध्ये काही बेटांसाठी प्रायोगिकरीत्या लागू झाले आणि २०१५ पर्यंत पश्चिम किनाऱ्याच्या सेवांवर पसरले. भाडे उतरले, प्रवासी वाढले, पाहुण्यांवर चालणाऱ्या धंद्यांना बरकत आली.

मात्र त्या प्रमाणात बोटी वाढल्या नाहीत. होत्या त्या जुन्या झाल्या. २०१५ मध्ये मागवलेल्या दोन नव्या बोटींपैकी पहिली २०१८ मध्ये यावयाची होती. ती प्रवाशांच्या सेवेत आली जानेवारी २०२५ मध्ये. दरम्यान, उन्हाळ्यात पर्यटकांच्या मोटारींनी बोटी भरू लागल्या आणि बेटावरच्या माणसालाच जागा मिळणे कठीण झाले. जून २०२३ मध्ये साउथ उइस्ट बेटाच्या लॉकबॉइसडेल बंदराची सेवा जवळजवळ महिनाभर बंद राहिली, तेव्हा रहिवाशांना धक्क्यावर जमून निषेध करावा लागला. तिकीट स्वस्त होते. बोट मात्र नव्हती.

लक्षद्वीपने हा धडा वेळीच घ्यावा. जानेवारी २०२४ पासून या बेटांच्या पर्यटनाचा गाजावाजा झाला आहे. पर्यटनाने रोजगार येईल, हे नाकारण्याचे कारण नाही. पण विमानतळ एकट्या अगत्तीला आहे. तेव्हा मुख्य भार बोटींवरच पडणार. ‘कवरत्ती’सारखी सातशे प्रवाशांची एक बोट दुरुस्तीला गेली, तरी सातशे जागा एकदम कमी होतात. पर्यटकाचा बेत फार तर पुढे ढकलला जातो. कोचीच्या इस्पितळात निघालेल्या रोग्याचे आणि परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याचे तसे नसते.

म्हणून केवळ सवलतीच्या भाड्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. प्रत्येक फेरीत रहिवाशांसाठी राखीव जागा, बरेच आधी जाहीर झालेले आणि पाळले जाणारे वेळापत्रक, आणि दुरुस्तीच्या काळासाठी एक जादा बोट, एवढी तरतूद पर्यटकांना आमंत्रण देण्यापूर्वी व्हावयास हवी. त्याला पैसा लागेल, हे खरे. परंतु बोटीचा भरवसा नसला, की दुकानदार अधिक माल साठवतो, कोळी पडेल त्या भावाने मासळी विकतो आणि शिकलेला तरुण परत येत नाही. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, पण बेटे तो रोज भरत असतात.