इनकमिंग फुकट, पण नंबर जिवंत ठेवायला पैसे



मागच्या महिन्यात समाजातल्याच एक आजी बँकेत माझ्या काउंटरवर आल्या. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज दोन महिने येत नव्हता. पाहिले तर खात्याला जोडलेला नंबरच बंद. आजी म्हणाल्या, "अरे बाबा, मी कोणालाच फोन करत नाही. मुलाचा तेवढा येतो. मग रिचार्ज कशाला?" मला उत्तर देता आले नाही.

आपण बुऱ्हाणपूरकरांनी मोबाईलच्या दरांचा फटका इतरांपेक्षा जास्तच सोसला आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक मात्र रावेर, सावदा, भुसावळकडेच राहिली. पुढे मोबाईलची सर्कलही राज्यांच्या सीमेवरूनच आखली गेली. इंदूरचा फोन लोकल आणि शेजारच्या रावेरचा एसटीडी! माहेरी गेलेल्या सुनेने फोन उचलला तरी रोमिंगचे पैसे. म्हणून आपण मिस्ड कॉलची भाषा शिकलो. एक रिंग म्हणजे सुखरूप पोहोचलो, दोन म्हणजे तुम्ही फोन करा.

भारतात १ मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये येणारा फोन फुकट झाला, पैसे करणाऱ्याने द्यायचे. अमेरिकेत त्या काळी फोन घेणाऱ्याचीही मिनिटे कापली जात. न्यू जर्सीला असलेली माझी चुलत बहीण म्हणायची, "दादा, लवकर सांग, माझी मिनिटं चालली आहेत." आम्ही इकडे हसायचो. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचे सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालू लागले. आपल्याकडे २००६ ची 'वन इंडिया' योजना आणि २०१६ मध्ये आलेले जिओ यानंतर रावेरचा फोनही लोकलसारखाच झाला. ही चांगली गोष्ट झाली, ते मान्य केलेच पाहिजे.

पण एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने घेतले. २००५-०६ च्या सुमारास हजारेक रुपयांत 'लाइफटाइम' इनकमिंगची जाहिरात होती. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खाजगी कंपन्यांनी किमान रिचार्ज सक्तीचे केले आणि ते लाइफटाइम संपले. त्यांचा महिनाही २८ दिवसांचा. तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज! डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएसची योजना ठेवायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अशा योजना आल्या, पण ८४ दिवसांना चारशेच्या वर. फक्त फोन उचलणाऱ्या आजींनाही महिन्याला दीडशेच्या आसपास पडतात. ज्या अमेरिकेच्या पद्धतीला आम्ही हसलो, तिथेच आपण मागल्या दाराने पोहोचलो.

टॉवर चालवायला खर्च येतो, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बँक, आधार, गॅस, सगळे एका नंबरला जोडायला लावल्यावर तो नंबर चैनीची वस्तू राहत नाही. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग खात्याचा ओटीपी कोणाच्या हातात जाईल, याचा विचार करा.

म्हणून माझी मंडळाला सूचना आहे. ज्येष्ठांसाठी फक्त इनकमिंग आणि एसएमएसची, वर्षभराची स्वस्त योजना असावी, असे निवेदन ट्रायला आणि आपल्या खासदारांना द्यावे. सह्या गोळा करायला मी स्वतः फिरेन.

तोपर्यंत प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांचा नंबर चालू आहे का, बँकेत तोच नोंदलेला आहे का, हे आजच पाहावे. आणि हो, फोन आता फुकट आहे, तर आठवड्यातून एकदा त्यांना फोनही करावा. मिस्ड कॉल नको!