वर म्हणजे कुठं?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल कुणी विणला, कुणी शिवला, कुणी बांधला याचा हिशेब पैपैने लागतो. पण तो विणणाऱ्याच्या पोराची शाळा कुणाच्या हुकमतीत, एवढे विचारून पाहा. दोघांचे उत्तर एक निघाले तर शपथ!

पूर्वी निदान एक नाव होते: स्कूल बोर्ड. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्ह्यांना व मोठ्या नगरपालिकांना ही शिक्षण मंडळे दिली. 1962 त जिल्हा परिषदा आल्या नि जिल्ह्याची मंडळे त्यांत विरून गेली, शहरांची राहिली. धनीपण मात्र अर्धेच. सभासद शहराचे, पण प्रशासन अधिकारी सरकारने धाडलेला. घर एकाचे नि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला. तरी सभासद ओळखीचा असे. त्याला पानपट्टीवर गाठून चार शब्द सुनावता येत, हे सुख मी तरी लहान मानीत नाही. 2013 त राज्याने तो कायदाच रद्द केला आणि शहरांच्या मंडळांचा कारभार पालिका-महापालिकांकडे गेला.

यंदा श्रावणात एका कारखान्याबाहेर चहा घेताना एक मावशी भेटल्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी. नात चौथीत, वर्गाला दोन महिने बाईच नाहीत. म्हणाल्या, “हेडमास्तर म्हणतेत वर सांगा. वर म्हंजे कुठं वो?”

प्रश्न वकिलालाही घाम फोडील असा. पण उत्तर आहे. 2010 च्या 1 एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक सरकारी व पालिकेच्या शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तीत पाऊणहिस्सा पालक नि निम्म्या बायका. समितीने शाळेवर देखरेख करावी, अनुदान कुठे गेले ते पाहावे, विकासाचा आराखडा करावा. शिक्षक नेमणे मात्र तिच्या हाती नाही. मावशींना तिथे सहानुभूती मिळाली असती, बाई मिळाल्या नसत्या. कायदा मंजूर जागांपैकी दहा टक्क्यांहून अधिक रिकाम्या ठेवू देत नाही, आणि कलम 32 सांगते की तक्रार लेखी करा, स्थानिक प्राधिकरणाकडे करा. त्याने ऐकून घेऊन तीन महिन्यांत निकाल द्यायचा. तो पटला नाही तर अपील राज्याच्या बालहक्क आयोगाकडे.

आता हे प्राधिकरण कोणते? शहराच्या हद्दीत महापालिका. याच रस्त्याने पुढे कुंभारीला जा, जिथे 2006 त विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे झाली, की गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले, शाळा जिल्हा परिषदेची. यंत्रमाग एकच, पाळी एकच, पण शेजारच्या मागावरच्या बाईचा अर्ज दुसऱ्या कचेरीत!

मावशींची शाळा हद्दीच्या आत. अर्ज मी लिहिला, अंगठा त्यांचा. आवक कारकुनाने आधी कागद नुसता ठेवून घेतला. मावशी शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत हलल्या नाहीत. मुदत कार्तिकात भरते.